१९२१ ची सभा आणि १९५६ ची सीमा

भाषावार राज्यरचनेला सत्तर वर्षे होत आली. हैदराबादेतील जुन्या मराठी घरांतून या घटनेची आठवण निघते ती बहुधा हळहळीच्या सुरात. ‘राज्य मोडले आणि आपण मागे राहिलो,’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. बिदर, गुलबर्गा, बेळगाव येथील आप्तांकडे गेलो की तेच वाक्य थोड्या निराळ्या शब्दांत कानी पडे. या हळहळीत खोटे काही नाही. परंतु आपण ही गोष्ट १९५६ पासून सांगू लागतो, हा तिचा दोष आहे. ती निदान पस्तीस वर्षे आधीपासून सांगावयास हवी. कारण त्या आधीच्या प्रसंगात सोसणारी बाजू आपली नव्हती.

निजामाच्या राज्यात सोळा जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. लोकसंख्येचा जवळजवळ अर्धा भाग तेलुगू भाषकांचा, सुमारे चौथा हिस्सा मराठी भाषकांचा. कन्नड आणि उर्दू मातृभाषा असणारे प्रत्येकी दहा-बारा टक्के. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण देशी भाषेतून देण्याचा एक धाडसी प्रयोग म्हणून त्याची वाखाणणी झाली. ती योग्यच होती. पण ती देशी भाषा राज्यातील बहुसंख्य रयतेची नव्हती. वरंगळचा तेलुगू कुणबी काय किंवा परभणीचा मराठी कुणबी काय, कचेरीतील कागद दुसऱ्याकडून वाचवून घेतल्यावाचून त्याला समजत नसे.

अशा राज्याच्या राजधानीत मराठी माणसाचे स्थान संख्येच्या मानाने मोठे होते. वकिली, शिक्षकी, समाजसुधारणा या क्षेत्रांत तो पुढे होता. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे आणि विचार त्याच्यापर्यंत लवकर पोहोचत. १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा सुरू झाली. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्या माणसांनी या शहरात सार्वजनिक जीवनाचा पाया घातला. तेलुगू जागृतीलाही या वातावरणाचा हातभार लागला होता. १९०१ साली हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे ग्रंथालय उभारण्यात ज्यांचा पुढाकार होता, ते कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव नागपुरात शिकलेले होते आणि त्यांनी मराठीतही लेखन केले होते. म्हणजे दोन भाषांचे वैर नव्हते. एक भाषा पुढे होती आणि दुसरी मागे ठेवली गेली होती, इतकेच. परंतु पुढे असणाऱ्याला मागे असणारा दिसेनासा होतो, हेही तितकेच खरे.

नोव्हेंबर १९२१ मध्ये याच विवेकवर्धिनीच्या वास्तूत निजाम राज्यातील समाजसुधारणा परिषद भरली. अध्यक्षस्थानी अण्णासाहेब कर्वे होते. भाषणे इंग्रजी, उर्दू आणि मराठी या भाषांतून झाली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूतून बोलावयास उभे राहिले. श्रोत्यांनी त्यांची टर उडविली. गलक्यात त्यांना बोलणे अशक्य झाले. त्या श्रोत्यांत मराठी मंडळींचा भरणा होता. ज्या राज्यातील निम्मी प्रजा तेलुगू बोलत होती, त्या राज्याच्या राजधानीत, समाजसुधारणेच्या व्यासपीठासमोर आणि आपल्याच शाळेत हे घडले.

अपमान झालेली तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र बसली आणि ‘आंध्र जनसंघ’ स्थापन झाला. पुढे हैदराबादचे पहिले महापौर झालेले माडपाटी हनुमंतराव त्यांच्यात प्रमुख होते. या संस्थेने गावोगावी वाचनालये काढली, तेलुगू शाळांसाठी खटपट केली. १९३० साली जोगीपेठ येथे आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन भरले. तेलंगणातील भाषिक चळवळीचा इतिहास लिहिणारा कोणीही १९२१ च्या त्या सभेपासून आरंभ करतो. आपल्या घरांतून मात्र तिचा उल्लेख मी कधी ऐकला नाही. नोकरीत असताना एका तेलुगू सहकाऱ्याने मला ती प्रथम सांगितली, तीही हसत हसत आणि कोणताही डंख न ठेवता. त्या हसण्याने मी अधिक ओशाळलो.

पुढे १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले; कन्नड भागातही तशीच परिषद उभी राहिली. तीन भाषांच्या तीन संस्था पाहून एखाद्याला वाटेल की, राज्य आता तीन दिशांना ओढले जाणार. प्रत्यक्षात घडले ते उलट. याच तिन्ही संस्थांच्या कार्यकर्त्यांनी १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस उभारली आणि तिच्यावरील बंदीविरुद्ध खांद्याला खांदा लावून सत्याग्रह केला. आपल्या भाषेतून विचार करावयास शिकलेला माणूसच शेजारच्या भाषेतील माणसाबरोबर तुरुंगात गेला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले, त्यामागे लष्करी कारवाईइतकीच या तीन भाषांतील दशकभराची एकजूट होती.

भाषाभिमान आणि राष्ट्रीय ऐक्य यांचे नाते कसे असते, याचा हा वस्तुपाठ समोर असतानाही दिल्लीतील नेत्यांच्या मनात धास्ती होती, आणि ती अनाठायी होती असे म्हणवत नाही. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपल्या प्रांतिक समित्यांची रचना भाषेनुसार केली होती. पण फाळणीच्या जखमेनंतर देशाचे आणखी तुकडे पाडणारे काहीही नको, अशी भावना प्रबळ झाली. १९४८ च्या दार आयोगाने भाषावार प्रांत देशहिताचे नाहीत असे मत दिले. नेहरू, पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीने १९४९ मध्ये हा प्रश्न पुढे ढकलावा असे सुचविले. त्यानंतर पोट्टी श्रीरामुलू यांनी आंध्र राज्यासाठी केलेल्या उपोषणात १५ डिसेंबर १९५२ रोजी प्राण सोडला, आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य अस्तित्वात आले. मग न्यायमूर्ती फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल सप्टेंबर १९५५ मध्ये आला.

हैदराबाद राज्य मोडावे की ठेवावे? त्याची संमिश्र संस्कृती टिकावी, म्हणून नेहरूंना विभाजन सुरुवातीला रुचत नव्हते. विभाजनाचा आग्रह ज्यांनी धरला, त्यांत स्वामी रामानंद तीर्थ अग्रभागी होते. स्वामीजींचे जीवन पाहिले म्हणजे हा आग्रह संकुचितपणातून आला असे कोणी म्हणू शकणार नाही. जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, कर्मभूमी मराठवाडा, समाधी हैदराबादेत बेगमपेठला. तिन्ही भाषांच्या लोकांचे नेतृत्व केलेल्या या माणसाला राज्याचे तीन भाग व्हावेत असे वाटत होते, कारण लोकशाहीत सामान्य माणसाला स्वतःच्या भाषेत राज्य समजले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विभाजन झाले. राज्य पुनर्रचना कायद्याचा तो भाग महसुली कारभारात आयुष्य घालविलेल्या माणसाने वाचावा असा आहे. सीमा जिल्ह्यांवरून गेली नाही. ती तालुक्यांतून आणि तालुक्यांखालच्या सर्कलांतून फिरली. बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, बिदर म्हैसूरकडे गेले. आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा मुंबईकडे आले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर ही सर्कले आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही सर्कले आंध्र प्रदेशात गेली. इतक्या बारकाईने कात्री चालवूनही प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या भाषेची माणसे उरलीच. भाषा ही शेताच्या बांधासारखी नसते, ती पाटाच्या पाण्यासारखी झिरपते.

नोकरवर्गाचीही वाटणी झाली. माझे वडील त्या वेळी तरुण कारकून होते. त्यांचे मित्र कोणी औरंगाबादला गेले, कोणी बंगळूरला. वडील हैदराबादेतच राहिले आणि तिशी ओलांडल्यावर कंदिलाच्या उजेडात तेलुगू बाराखडी गिरवून खात्याची भाषा परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या आठवणीत त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. ते म्हणत, “उर्दू शिकलो ती सरकारसाठी. तेलुगू शिकलो ती समोर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी.”

भाषावार राज्यांमुळे देश फुटला का? या प्रश्नाचे उत्तर काळाने दिले आहे. फुटला नाही. कचेरी, न्यायालय, शाळा आणि विधानसभा लोकांच्या भाषेजवळ आल्यामुळे गावचा शेतकरी राज्याच्या अधिक जवळ आला. पण याच काळाने दुसरेही एक उत्तर दिले आहे, आणि तेही नोंदविले पाहिजे. तेलुगू भाषकांचे एकच राज्य व्हावे म्हणून १९५६ मध्ये आंध्र आणि तेलंगण जोडले गेले. फाजल अली आयोगाने घाई करू नका असे सांगितले होते. १९६१ च्या निवडणुकांनंतर हैदराबादच्या विधानसभेने दोन तृतीयांश बहुमताने संमती दिल्यास एकीकरण करावे, अशी त्याची शिफारस होती. ती मानली गेली नाही. २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले. दोन्हीकडची भाषा एकच, तरीही पाणी, नोकऱ्या आणि मानसन्मान यांच्या वाटपाचा हिशेब जुळला नाही. माझ्या कचेरीतील कपाटे आणि नस्त्या तेव्हा दोन राज्यांत वाटल्या गेल्या. वडिलांनी पाहिलेले दृश्य मी पुन्हा पाहिले. फरक इतकाच की, या वेळी निरोप घेणारे आणि देणारे एकाच भाषेत बोलत होते.

डॉ. आंबेडकरांनी १९५५ सालीच भाषिक राज्यांवरील आपल्या ग्रंथात हा भेद स्पष्ट केला होता. एका राज्यात एक भाषा असावी, हे त्यांना मान्य होते. परंतु एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. बहुसंख्याकांच्या राज्यात लहान समाजांचे काय होणार, याची त्यांना काळजी होती. हैदराबाद ही भारताची दुसरी राजधानी व्हावी, ही सूचनाही त्याच ग्रंथात आहे. थोडक्यात, भाषा ही राज्याच्या न्यायाची पहिली अट आहे. ती शेवटची नव्हे.

रेषेच्या पलीकडे राहिलेल्यांसाठी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने दोन कलमे घातली. ३५०-अ कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले. ३५०-ब ने त्यांच्यासाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद केली. बेळगावच्या मराठी माणसाचे गाऱ्हाणे खरे आहे. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल त्याचे समाधान करू शकला नाही, आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यालाही दोन दशके उलटली. सीमेचा निकाल कसाही लागो, ३५०-अ चा हक्क त्या निकालाची वाट पाहत नाही. तो आजचा आहे आणि आपण तो मागितलाच पाहिजे.

पण जे आपण बेळगावात मागतो, ते सोलापूरच्या पद्मशाली विणकराला त्याच्या तेलुगूसाठी आणि अक्कलकोट-जतच्या शेतकऱ्याला त्याच्या कन्नडसाठी तितक्याच मोकळ्या मनाने द्यावयास हवे. तेथे त्या भाषांच्या शाळा आहेत, त्या टिकाव्यात असे आपल्याला वाटते काय? हा प्रश्न मी स्वतःला विचारतो, तेव्हा १९२१ ची ती सभा डोळ्यांसमोर येते. हक्काची भाषा बोलणारा माणूस दुसऱ्याच्या भाषेला हसला की त्याच्या हक्कातील बळ निघून जाते.

आपल्या घरांचे काय? तेलंगण सरकारने २०१८ मध्ये शाळांतून तेलुगू सक्तीची केली, तेव्हा आपल्यातील काहींनी नाके मुरडली. मला तो कायदा जाचक वाटला नाही. ज्या मातीत चार पिढ्या वाढल्या, तिची भाषा नातवंडांना आली तर त्यात गमावण्यासारखे काही नाही. मराठीला धोका तेलुगूकडून नाही. मुलांना मराठी शाळेत न घालणारे आणि घरीही त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारे आपणच आहोत. तेथे घटनेचे कोणतेही कलम कामी येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा आनंद आपण पेढे वाटून साजरा केला. त्या दिवशी किती घरांतील मुलांना ती बातमी मराठीत वाचता आली, हे आपण विचारले नाही.

उलट दिशेचे उदाहरणही याच प्रदेशाने दिले आहे. पी. व्ही. नरसिंह राव तेलंगणात जन्मले, स्वामी रामानंद तीर्थांच्या सहवासात घडले, आणि त्यांनी हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी तेलुगूत नेली. पुढे ते देशाचे पंतप्रधान झाले. महसूल खात्यातही असे एक लहान उदाहरण आहे. तेलंगणातील शेतकरी जमिनीच्या उताऱ्याला ‘पहाणी’ म्हणतो. तो आपल्याच ‘पाहणी’चा शब्द, त्याला तो मराठी वाटत नाही आणि वाटण्याचे कारणही नाही. भाषा दुसऱ्याच्या घरात अशी नांदते, तेव्हा तिला सीमेची भीती नसते.

देशाचे ऐक्य म्हणजे सर्वांनी एका भाषेत बोलणे नव्हे, आणि प्रत्येक भाषेने आपापल्या कुंपणात बसणेही नव्हे. समोरचा आपल्या भाषेत बोलावयास उभा राहिला, तर त्याचे बोलणे संपेपर्यंत आपण शांत बसतो की नाही, यावर ते अवलंबून आहे. १९२१ साली आपल्या पूर्वजांकडून ते झाले नाही. विवेकवर्धिनीवरून जाताना मला ते आठवते, आणि वाटते, आलमपल्ली वेंकटरामरावांचे ते भाषण पुरे होऊ दिले असते तर बरे झाले असते.