तळटीप : आलमबाग आणि अभयाचे जाहीरनामे

आलमबाग : लखनौच्या दक्षिणेला, कानपूरच्या वाटेवर वाजिद अली शाहने बेगम आलमआरासाठी उभारलेली कोठी व बाग. आज तिथे बसस्थानक आणि मेट्रो आहे. नोव्हेंबर १८५७ ते मार्च १८५८ इंग्रज सेनानी आउट्रम सुमारे ४,००० फौजेनिशी इथे तळ ठोकून होता.

लखनौ पडताच गव्हर्नर-जनरल कॅनिंगने सहा जमीनदार वगळून जवळपास अवघ्या अवधची जमीन जप्त केली. आउट्रमनेच हरकत घेतली : जमीनच गेल्यावर तालुकदार हत्यार टाकतील कशाला?

१ नोव्हेंबर १८५८ ला राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला. इंग्रजांच्या खुनात हात नसलेल्यांनी १ जानेवारी १८५९ पूर्वी घरी परतावे, त्यांना माफी मिळेल. अवधच्या बेगम हजरत महलने उलट जाहीरनामा काढून कंपनीच्या मोडलेल्या शब्दांचा पाढाच वाचला. त्यात पुण्याहून काढून बिठूरला ठेवलेला पेशवाही आहे. सतीचौरा घाट (२७ जून १८५७) मात्र नाही. तिथे कानपूरच्या इंग्रजांना सुखरूप वाट देण्याचा शब्द त्याच पेशव्याचे दत्तकपुत्र नानासाहेब यांच्या बाजूने मोडला होता, हे सोयीस्करपणे गाळले गेले.

१८५९ मध्ये नेपाळच्या सीमेवरून नानासाहेबांनी इंग्रजांशी पत्रव्यवहार केला. मेजर रिचर्डसनने त्यांना राणीच्या त्याच जाहीरनाम्याकडे बोट दाखवले.