पहिल्या हप्त्यातला एजंटाचा वाटा

१ जुलै १९३९. या दिवशी भारतात १९३८ चा विमा कायदा अमलात आला. मालवणातल्या एखाद्या गृहस्थाने त्यानंतर, आपल्या मागे उत्तरकार्यासाठी घरच्यांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून, वर्षाला ४० रुपये हप्त्याची पॉलिसी घेतली असे समजा. त्या पहिल्या ४० रुपयांतले १६ रुपये एजंटाच्या खिशात जाऊ शकत होते. कंपनीला दहा वर्षे झालेली नसतील, तर २२ रुपयेसुद्धा. आणि हे सारे कायद्याच्या चौकटीत बसणारे होते.

कलम ४० ने घातलेली ही कमाल मर्यादा होती: पहिल्या हप्त्यावर ४० टक्के, पुढच्या प्रत्येक हप्त्यावर ५ टक्के. नव्या कंपन्यांना अनुक्रमे ५५ आणि ६ टक्के. मर्यादा घालावी लागली यावरूनच आधीच्या बाजाराची कल्पना येते.

आता थोडे मागे जाऊ.

मरणाचा खर्च ही कोकणात फार जुनी चिंता आहे. लाकडे, दहावे, बारावे, तेरावे, गावजेवण. मनुष्य गेल्याच्या दिवसापासून पंधरवड्याच्या आत रोख पैसा लागतो, आणि घरातला रोख पैसा बहुधा मुंबईहून मनीऑर्डरीने येणारा. कमावताच गेला तर तोही थांबतो. मालवण, वेंगुर्ले, देवगड हे तालुके तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते (सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा), आणि त्यांची निम्मी गोष्ट गिरगाव-लालबागेत घडत असे.

मुंबईत यावर लोकांनी आपापला उपाय काढलेला होता. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे गावागावांचे ‘कूड’ होते. सभासद वर्गणी भरी, आणि परक्या शहरात मरण आले तर कूड त्याच्या दफनाचे आणि प्रार्थनेचे पाहत असे. कोकणातल्या हिंदू चाकरमान्यांच्या गावाच्या खोल्या आणि ग्राममंडळे याच जातीची. यात एजंट नव्हता, कमिशन नव्हते. वर्गणी गोळा करणारा उद्या त्याच खोलीत झोपणार होता. त्याने लबाडी केली तर ती गावापर्यंत पोहोचे.

विमा कंपन्या आल्या त्या वेगळ्या जगातून. १८७० ची ‘बॉम्बे म्युच्युअल’ ही भारतीयांचा विमा नेहमीच्या दराने उतरवणारी पहिली भारतीय संस्था. त्याआधी आपल्या माणसांकडून जादा हप्ता घेण्याची रीत होती. १८७४ मध्ये मुंबईतच ‘ओरिएंटल’ निघाली. स्वदेशीच्या लाटेनंतर १९१३ मध्ये साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी ‘वेस्टर्न इंडिया’ उभी केली. या कंपन्यांचे गिऱ्हाईक वकील, मास्तर, कारकून. गिरणीतल्या जॉबरच्या हाताखालचा माणूस त्यांच्या हिशेबात क्वचितच येई.

त्याच्यासाठी होत्या प्रॉव्हिडंट सोसायट्या. आजच्या ‘अंत्यविधी विम्या’चा आपल्याकडचा खरा पूर्वज हाच. ५०० रुपयांपर्यंतच्या छोट्या रकमा. आणि त्या केवळ मृत्यूवर नव्हे, तर जन्म, लग्न, धार्मिक समारंभ, नोकरी सुटणे अशा कशावरही. सरकारने १९१२ मध्ये आयुर्विमा कंपन्यांसाठी एक आणि या सोसायट्यांसाठी दुसरा, असे दोन स्वतंत्र कायदे केले.

यातल्या अनेक संस्था ‘वाटणी’च्या तत्त्वावर चालत. ते तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. पॉलिसीची रक्कम ठरलेलीच नसे. ठरावीक मुदतीत जमलेला पैसा त्या मुदतीत आलेल्या दाव्यांत वाटायचा. सुरुवातीला सभासद भराभर वाढतात आणि दावे थोडे असतात, म्हणून पहिल्यांना घसघशीत रक्कम मिळते. तीच बातमी एजंट पुढच्या गल्लीत सांगतो. काही वर्षांनी दावे वाढतात, नवे सभासद आटतात, आणि मागून आलेल्यांच्या वाट्याला चिल्लर उरते. येथे कोणी तिजोरी फोडलेली नसते. संस्थेची रचनाच तशी असते. १९३८ च्या कायद्याने हा धंदा नव्याने सुरू करण्यास बंदी केली आणि चालू असलेल्यांना तीन वर्षांची मुदत दिली.

पण कमिशनचा प्रश्न याहून चिवट निघाला. पुन्हा त्या ४० रुपयांकडे येऊ. पहिल्या वर्षी १६ रुपये, नंतर दर वर्षी २. म्हणजे एका नव्या गिऱ्हाइकाची किंमत जुन्या गिऱ्हाइकाच्या आठ वर्षांच्या सेवेइतकी. एजंटाने कोणाच्या दारी जावे, हे या गणितातच ठरून गेलेले आहे. त्याला दुष्ट असण्याची गरज नाही.

त्यातून ‘रिबेट’ची चाल पडली. एजंट आपल्या १६ पैकी ८ रुपये गिऱ्हाइकाला परत देई. गिऱ्हाईक खूश. पुढच्या वर्षी पूर्ण ४० भरायची वेळ आली की पॉलिसी सोडून देई, आणि तोच एजंट दुसऱ्या कंपनीचा फॉर्म घेऊन येई. कलम ४१ ने रिबेट देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा ठरवले. आजही तो गुन्हाच आहे, आणि आजही ‘पहिला हप्ता मी भरतो’ हे वाक्य कोणाला अपरिचित नाही.

नुकसान कोणाचे होई? तीन वर्षांचे हप्ते पूर्ण भरल्याशिवाय पॉलिसीला सरेंडर मूल्य येत नसे. म्हणजे दोन वर्षांत भरलेले ८० रुपये बुडीत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या की दर्यावर्दी घरात रोख येणे थांबते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. त्यात कोकणचे किती तरी. अशा माणसाला दर वर्षी न चुकता भरायचा हप्ता विकताना, तो चुकेल हे विकणाऱ्याला ठाऊक असते.

वयाची गोष्ट तर आणखी नाजूक. जन्माचा दाखला नसलेल्या म्हाताऱ्याचे वय एजंट ‘अंदाजे’ लिहून घेई, आणि अंदाज बहुधा कमीकडे झुके, कारण कमी वयाला हप्ता कमी. कलम ४५ मुळे दोन वर्षांनंतर कंपनीला, विमेदाराची फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, चुकीच्या माहितीचे निमित्त काढून पॉलिसी नाकारता येत नसे. मात्र वयाचा पुरावा ती केव्हाही मागू शकत होती. तो मागितला जाई दावा आल्यावर, विधवेकडे. कमिशन तोवर कधीच खर्च झालेले असे.

एजंटाची बाजूही नोंदली पाहिजे. कलम ४४ ने काही अटींवर त्याचे नूतनीकरणाचे कमिशन त्याने काम सोडल्यावरही, आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांनाही, सुरक्षित ठेवले. १९५० च्या दुरुस्तीने पहिल्या वर्षाची मर्यादा ३५ टक्क्यांवर आणली आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची साडेसातवर नेली. दिशा योग्य होती, पावले फार छोटी.

१९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम निघाला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, म्हणजे कोकणचेच. १५४ भारतीय, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, एकूण २४५ संस्था सरकारने ताब्यात घेतल्या. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले, तेव्हा देशमुख मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले होते. मालक बदलले; पहिल्या हप्त्यावर मोठा वाटा घेण्याची पद्धत मात्र राहिली.

तिला छेद देणारा एक प्रयोग २०१५ चा. जीवन ज्योती योजनेत ३३० रुपयांच्या हप्त्यात एजंटाला टक्केवारी नव्हे, तर सरळ ३० रुपये आणि बँकेला ११. २०२२ मध्ये हप्ता ४३६ झाला, तरी हे दोन आकडे तेच राहिले. पण या योजनेत प्रवेश वयाच्या पन्नाशीपर्यंतच, आणि संरक्षण ५५ व्या वर्षी संपते. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. तरुण मुंबईला, म्हातारी माणसे घरी. ज्यांना उत्तरकार्याची चिंता खरी, ते या स्वस्त विम्याच्या वयाबाहेर.

त्यांच्यासाठी उरतात ती महागडी उत्पादने आणि ती विकणारी माणसे. १ एप्रिल २०२३ पासून विमा प्राधिकरणाने उत्पादननिहाय कमिशनची कमाल मर्यादाच काढून टाकली आहे. बंधन आता कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चावर. १९३९ मध्ये मालवणच्या त्या गृहस्थाला निदान ४० टक्के हा आकडा कायद्याच्या पुस्तकात वाचता आला असता.