बोर्ड : एका फळीचा गोतावळा

‘पोरगी बोर्डात आली’ हे वाक्य एके काळी पेढ्यांसकटच घरी यायचं. बोर्डात म्हणजे गुणवत्ता यादीत, हे कुणाला समजावून द्यावं लागत नसे. पण ज्या शब्दाचा मूळ अर्थ लाकडी फळी, त्यात पोरगी येते कशी, हे कोडं इंग्रजाला मात्र सुटणार नाही.

जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी, आणि गलबताची बाजूसुद्धा. आधी गलबताकडे बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. उत्तर युरोपातल्या जुन्या गलबतांना मागे मधोमध सुकाणू नसे. उजव्या कुशीला, मागच्या अंगाला, एक रुंद वल्हं बांधलेलं असे आणि त्यावर गलबत वळवत. म्हणून उजवी बाजू ती ‘स्टारबोर्ड’, सुकाणूची बाजू. आकाशातल्या ताऱ्यांचा इथे काहीएक संबंध नाही. ते वल्हं धक्क्यावर आपटू नये म्हणून गलबत डाव्या अंगाने धक्क्याला लावत आणि माल तिकडून चढवत. ती बाजू ‘लारबोर्ड’. आता भर वादळात कुणी ओरडलं, तर स्टार की लार हे सुकाणूवाल्याला कळणार कसं? अखेर 1844 साली ब्रिटिश नौदलाने ‘लारबोर्ड’ला रजा देऊन ‘पोर्ट’ शब्द रुजू केला. गलबताची बाजू चढून आत जाणं ते ‘बोर्डिंग’. त्यातूनच विमानतळावरचा बोर्डिंग पास आला, आणि विमानातही आपण आजवर बहुतेक वेळा डाव्या दारानेच शिरतो.

जमिनीवरच्या फळीने वेगळाच संसार मांडला. मध्ययुगीन इंग्लंडात जेवणाचं टेबल कायमचं मांडलेलं नसे. दोन लाकडी घोड्यांवर फळ्या टाकायच्या, जेवायचं आणि उचलून ठेवायचं. त्यामुळे फळी म्हणजे टेबल, पुढे टेबलावरचं अन्न, आणि मग पैसे मोजून दुसऱ्याकडे जेवणं-राहणं. पेले मांडायची फळी ती ‘कपबोर्ड’. तिला दारं नंतर लागली.

अन्नाचा हा अर्थ महाराष्ट्राने मनापासून उचलला. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं तिथे उभी राहिली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली सगळ्या जातींची मुलं एकाच छपराखाली आणली. पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. कोशात ‘बोर्ड’ म्हणजे अन्न असं छापलेलं असतं. त्याची खरी किंमत त्या बाईंना कळली होती.

त्याच टेबलाभोवती बसून कारभार हाकणारी माणसंही बोर्डच झाली. हा अर्थ इंग्रजी राजवटीबरोबर आला आणि गावोगाव मुरला. लोकल बोर्डाची शाळा, लोकल बोर्डाचा रस्ता हे आजोबांच्या पिढीचे शब्द. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि ते मागे पडले. वीज मंडळाचं 2005 साली विभाजन झालं, तरी मीटर बघायला आलेला माणूस कित्येक घरांत अजून ‘एमएसईबीवाला’च असतो. दहावी-बारावीचं बोर्ड याच शाखेतलं. दुकानावरचा, कॅरमचा आणि स्विचचा बोर्ड मात्र थेट फळीचे वारस, मग त्यांत लाकूड उरलेलं असो वा नसो.

या गोतावळ्यात मला सर्वांत आवडतो तो कोर्टातला बोर्ड. दिवसभरात कोणती प्रकरणं पुकारली जाणार याची यादी म्हणजे बोर्ड. सकाळी पक्षकार वकिलाला विचारतो, ‘साहेब, आज आपलं बोर्डावर आहे का?’ मंडळ, फलक, मेज यांतला एकही पर्याय इथे चालत नाही. ‘मॅटर बोर्डावर नाही’ याला महाराष्ट्रातल्या कोर्टांत दुसरं मराठी नाही, आणि घडवायची गरजही नाही.