चाचणीचा घाणा

आमच्या घरी अनारसे करावयाचे म्हणजे आधी तीन दिवस तांदूळ भिजत पडतात. रोज त्यांचे पाणी बदलावयाचे, मग ते निथळून, सावलीत पसरून, ओलसर असतानाच कुटावयाचे आणि गुळात कालवून डब्यात भरून ठेवावयाचे. इतकी खटपट करूनही माझी आई कधी एकदम घाणा टाकीत नसे. खसखशीवर ती एकच अनारसा थापी, तुपात सोडी आणि कढईकडे बघत बसे. तो जाळी धरून नीट वर आला म्हणजे मग पुढचे. पण एखाद्या वर्षी तो तुपात पडताच पसरून विरघळून जाई. "हसला ग बाई!" आई म्हणे. पण हसला तो एकच. बाकीचे पीठ डब्यात शाबूत असे. त्यात थोडी तांदळाची पिठी मिसळून ती पुन्हा एकच सोडून पाही.

परवा सूनबाईंचा पहिला अनारसा असाच हसला. ओट्याशी उभी असलेली माझी नात मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही एवढी वर्षं कंपन्यांमधून नक्की काय करत होता?"

"हेच," मी म्हणालो, "एक अनारसा आधी सोडून पाहायचा."

तिला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती हे सांगावे म्हणून हा लेख लिहावयास घेतला.

मोठ्या कारखान्याचा पगार, हिशेब, मालसाठा, खरेदी-विक्री हे सारे ज्या सॉफ्टवेअरवर चालते, ते तयार कोटासारखे असते. कापड, अस्तर, खिसे सर्व काही शिवलेले. परंतु एका गिऱ्हाइकाला बाही लांब होते, दुसऱ्याला पाठीत घट्ट बसते. कुणाच्या कारखान्यात तीन पाळ्या, कुणाचा कामगार-संघटनेशी निराळा करार. म्हणून तयार कपड्यांच्या दुकानाबाहेर जसा मशीन घेऊन शिंपी बसलेला असतो, तशी या धंद्यातही माणसे लागतात. मी त्यांतला एक शिंपी. आता प्रश्न असा की या शिंप्याने बसावयाचे कोठे? कोट तर गिऱ्हाइकाच्या अंगावर आहे, आणि गिऱ्हाईक क्षणभरही थांबावयास तयार नाही. या साध्या प्रश्नाचे उत्तर सापडण्यास बरीच वर्षे लागली, आणि त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

१ एप्रिल १९७२ रोजी पश्चिम जर्मनीत पाच तरुणांनी एक छोटी कंपनी काढली. डीटमार हॉप, हासो प्लाटनर, क्लाउस वेलेनरॉइटर, क्लाउस चिरा आणि हान्स-व्हेर्नर हेक्टर हे ते पाच जण. पाचही आयबीएममध्ये नोकरीस होते. वाइनहाइम या गावी कंपनीची नोंद झाली, आणि जवळच मानहाइम शहरात कचेरी होती. हीच पुढे जगप्रसिद्ध झालेली एसएपी. तोपर्यंत कारखान्यांतील हिशेबाची पद्धत अशी होती की दिवसभराच्या नोंदी कार्डांवर भोके पाडून साठवावयाच्या, गठ्ठाच्या गठ्ठा एकदम यंत्राला द्यावयाचा, आणि उत्तराची वाट पाहात बसावयाचे. या मंडळींचे म्हणणे असे, की कारकुनाने नोंद करताक्षणीच तिचा परिणाम खात्यात दिसला पाहिजे. म्हणून त्यांनी आपल्या प्रणालीच्या नावात 'आर' हे अक्षर घातले. 'रिअल टाइम', म्हणजे 'त्याच क्षणी', यातला तो 'आर'.

कल्पना उत्तम, पण पाचांपाशी संगणक नव्हता! त्या काळचा संगणक म्हणजे अख्खी खोली भरणारे यंत्र, आणि किंमत नवख्या कंपनीच्या आवाक्याबाहेरची. मग काम करावयाचे कोठे? त्यांचे पहिले गिऱ्हाईक होते इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीची जर्मन शाखा. ओस्ट्रिंगेन या गावी तिचा नायलॉनचा कारखाना होता. पगाराचे आणि हिशेबाचे प्रोग्रॅम त्यांनी तेथेच, कारखान्याच्याच यंत्रावर रचले. दिवसा यंत्र कारखान्याच्या कामात गुंतलेले, म्हणून हे काम बहुधा रात्री आणि सुटीच्या दिवशी चाले. त्या वर्षअखेरीस कंपनीत नऊ माणसे होती आणि उलाढाल ६,२०,००० मार्कांची होती. पण स्वतःच्या मालकीचे यंत्र एकही नव्हते.

या गैरसोयीत एक मोठा फायदाही होता. ज्याच्यासाठी शिवावयाचे तो माणूस शेजारीच बसलेला. त्याचा कागद कसा फिरतो, सही कोण करतो, कोणता आकडा तो दोनदा तपासतो, हे सारे डोळ्यांसमोर दिसे. पण धोकाही तितकाच मोठा. रात्रीच्या त्या यंत्रात काही बिघडले, तर सकाळी त्याच यंत्रापुढे खरा कारकून येऊन बसणार! एसएपीला स्वतःचा संगणक लाभला तो १९७९ साली. तो सीमेन्स कंपनीचा होता. दुसऱ्याच वर्षी वाल्डॉर्फ येथे कंपनीची पहिली स्वतःची इमारत उभी राहिली. म्हणजे सात वर्षे हे शिंपी दुसऱ्याच्या ओसरीवर बसून शिवीत होते.

अशीच एक गोष्ट आपल्या पुण्यातही घडली. १९८१ साली पुण्यात सात जणांनी मिळून इन्फोसिस काढली. सुधा मूर्ती यांनी संसारातून बाजूस टाकलेले दहा हजार रुपये हे तिचे भांडवल, ही गोष्ट आता घरोघर ठाऊक आहे. परंतु त्यांच्यापाशीही आरंभी यंत्र नव्हते, हे फारसे कुणी सांगत नाही. परदेशातून संगणक आणावयाचा तर सरकारी परवाना हवा, आणि तो मिळण्यास दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत. म्हणून बरेचसे काम परदेशी जाऊन गिऱ्हाइकाच्याच यंत्रावर करावे लागे. १९८३ साली कंपनी बंगलोरला गेली आणि त्याच सुमारास तिला आपले पहिले यंत्र मिळाले. ओस्ट्रिंगेनची ओसरी आणि पुण्याची ओसरी यांत अंतर हजारो मैलांचे, पण अडचण एकच.

१९९२ साली एसएपीने 'आर-थ्री' ही नवी प्रणाली बाजारात आणली. एव्हाना यंत्रे लहान व पुष्कळ स्वस्त झाली होती. त्यामुळे शिंप्याच्या प्रश्नाचे उत्तर देणे शक्य झाले, आणि हळूहळू या धंद्यात एक शिस्त रूढ झाली. एका प्रणालीऐवजी तीन मांडावयाच्या. पहिली घडणीची. तिच्यात प्रोग्रॅम लिहावे, मोडावे, पुन्हा लिहावे. दुसरी पारखण्याची. तिच्यात खऱ्यासारखी माहिती भरून, रोज काम करणाऱ्या माणसांनीच घडणीतले काम तपासावे. तिसरी चालती, जिच्यावर कारखाना जगतो. तिला कुलूप. केलेला प्रत्येक बदल क्रमांक घातलेल्या एका गाठोड्यात बांधावयाचा आणि ते गाठोडे पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, याच वाटेने न्यावयाचे. आडवाटेने कुणी यावयाचे नाही. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद त्या गाठोड्याबरोबर राहते.

शिस्त उत्तम होती, आणि मला ती तोंडपाठ होती. आता माझीच गोष्ट सांगतो.

१९९९ साली मी पिंपरी-चिंचवडकडील एका कारखान्यात कामास होतो. सॉफ्टवेअर कुणाचे होते ते सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष त्याचा नव्हता. साल २००० उजाडताच यंत्रे तारखा चुकतील या धास्तीने सारा धंदा त्या वर्षी रात्रंदिवस जागा होता. आमच्याकडे चालती प्रणाली एक, आणि चाचणीसाठी म्हणून एक जुनी नक्कल; तिच्यातली माहिती सहा-सात महिने शिळी. नीट दुसरे यंत्र मागितले तेव्हा साहेब म्हणाले होते, "एका कारखान्याला दोन यंत्रं कशाला हवीत?" मीही पुढे नेट धरला नाही.

दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आली होती, त्यामुळे ऑक्टोबरचा पगार आणि बोनस एकदमच निघावयाचा होता. त्या वेळी लागू असलेल्या १९६५ च्या बोनस कायद्याप्रमाणे, कामावर अपघात होऊन घरी पडलेल्या माणसाचे ते दिवस कामाचेच धरावयाचे. आमच्या हिशेबात ते धरले जात नव्हते. चूक टाइम ऑफिसातल्या दादांच्या ध्यानात आली. मला वाटले, काम दोन मिनिटांचे. रजांच्या तक्त्यात 'अपघाती रजा' ही नोंद 'पगारी रजा' या गटात होती, ती मी उचलून 'हजर' या गटात टाकली. तीही थेट चालत्या प्रणालीत. शिळ्या नकलेत तपासून तरी काय कळणार होते? बोनस अगदी बरोबर आला. मी निर्धास्त घरी गेलो.

पण तोच तक्ता पगाराचा प्रोग्रॅमही वाचीत होता. 'हजर' माणसाचे तास तो फाटकावरल्या घड्याळाला विचारी. घरी पडलेल्या माणसाचे कार्ड पंच होणार कोठून? तास शून्य, म्हणून पगारही शून्य. कराराप्रमाणे ज्यांचा पगार कारखाना चालू ठेवीत होता, अशा अकरा माणसांच्या चिठ्ठीवर शून्य छापले गेले. बँकेची यादी तोवर रवाना झालेली.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी टाइम ऑफिसच्या खिडकीशी एक जण उभा होता. उजवा हात गळ्यात बांधलेला. चिठ्ठी डाव्या हाताने पुढे सरकवीत तो म्हणाला, "साहेब, मी काय मेलो का? शून्य लावलंत ते?"

मला उत्तर सुचले नाही. दादांनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिले. मग त्यांनी आपल्या कपाटातून जुना हाताने लिहिलेला पगारपट काढला, अकराही माणसांचा हिशेब पेन्सिलीने मांडला आणि साहेबांची सही घेऊन संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला रोख उचल मिळवून दिली. दोघे जण गावी गेले होते. त्यांची पाकिटे कारखान्याची गाडी पोहोचवून आली. मला दादा एवढेच म्हणाले, "तुझं गणित बरोबर होतं रे. तू ते कुणावर करून पाहिलंस तेवढं चुकलं."

दिवाळीनंतर साहेबांनी न मागता यंत्र दिले. नवे नव्हते, हिशेब खात्यातून बाद झालेले होते. पण पुरेसे होते. ते कसे मांडले ते सांगतो, कारण या साऱ्या इतिहासाचे सार त्या चार गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट, चालत्या प्रणालीची जी आवृत्ती आणि तिच्यावरल्या ज्या दुरुस्त्या, त्याच तंतोतंत येथेही घातल्या. कढई निराळी असली तरी तूप तेच हवे. दुसरी, माहिती ताजी आणली आणि दर तिमाहीस पुन्हा आणावयाचे ठरविले. पण आणताना नावे आणि बँकेचे खाते-क्रमांक बदलून टाकले. कुणाचा पगार किती हे शिकाऊ पोरांना कळण्याचे कारण नाही. तिसरी, बाहेर जाणाऱ्या सर्व वाटा तोडल्या. बँकेची यादी, चिठ्ठ्या छापणारे यंत्र, पुरवठादारांना जाणारी पत्रे, काहीही या चाचणीतून बाहेर पडू नये. पडद्याचा रंगही निराळा ठेवला. चालत्याला तांबडी पट्टी, चाचणीला हिरवी. रात्री अकरा वाजता दमलेल्या माणसाला आपण कोठे आहोत हे नुसत्या अक्षरांवरून कळत नाही. चौथी गोष्ट सर्वांत अवघड गेली. चालत्या प्रणालीत बदल करण्याचा माझा स्वतःचा अधिकार मी काढून घेतला. माझे काम दादांनी पारखावयाचे, एका महिन्याचा पगार दोन्हीकडे काढून ताळा पाहावयाचा, आणि त्यांची सही झाल्यावरच गाठोडे पुढे जावयाचे. संगणक शिकलो नाही, असे म्हणणारे दादा शेवटपर्यंत माझे सर्वांत कडक परीक्षक होते. तक्ते त्यांना ठाऊक नव्हते. अकरा माणसे ठाऊक होती.

आता ते सारे किती सोपे झाले आहे! एकेकाळी खोली भरणारे यंत्र, मग बाद झालेले का होईना, पण एक वेगळे यंत्र. आता भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकावर चाचणीची आख्खी मांडणी तासाभरात उभी राहते आणि काम झाल्यावर पुसून टाकता येते. ओस्ट्रिंगेनच्या त्या पाच जणांना हे स्वप्नातही मिळाले नसते. तरी तरुण मंडळींकडून अधूनमधून ऐकू येतेच, "छोटासा बदल होता काका, थेट केला." तेव्हा मला गळ्यात बांधलेला तो हात दिसतो.

एवढे सारे नातीला सांगून होईपर्यंत सूनबाईंनी पिठात पिठी मिसळून दुसरा अनारसा तुपात सोडला होता. आम्ही तिघेही कढईवर वाकलो. तो हळूहळू जाळी धरीत वर आला.

"आता घाणा टाकू का?" सूनबाईंनी विचारले.

नात म्हणाली, "थांब आई, अजून एक सोडून बघ."