मधमाशीची राळ

मधमाशीचा मध आपण चाखतो, तिचे मेण वेदीवरील मेणबत्तीत जळते. परंतु तिच्या घरातील तिसऱ्या वस्तूकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे प्रोपोलिस. झाडांच्या कळ्यांतून व सालीतून पाझरणारी राळ माशी गोळा करते, तीत मेण मिसळते आणि घराच्या भेगा बुजविते. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ 'नगरापुढचे' असा होतो.

इ.स. 79 मध्ये मृत्यू पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी याने या लेपाचे तीन थर वर्णिले असून त्याचा संबंध द्राक्षवेल व पॉप्लर यांच्या चिकाशी जोडला आहे. आधुनिक संशोधनाचा निष्कर्षही हाच, की जसे झाड तसा रंग. युरोपात पॉप्लरच्या कळ्यांमुळे तो तपकिरी होतो. ब्राझीलमध्ये एका रानझुडपामुळे हिरवा, तर तेथील किनाऱ्यावर शिसवीच्या कुळातील वनस्पतीमुळे लाल. पोत मात्र हवेवर अवलंबून असतो. थंडीत राळ ठिसूळ होते, उन्हाळ्यात बोटांना चिकटते.

मग मराठी घरात या वस्तूला रुळलेले नाव का नसावे? कारण आपली सातेरी माशी राळ जवळजवळ वापरतच नाही. राळ साठविणारी युरोपीय माशी 1962 च्या सुमारास कांगडा खोऱ्यात नगरोटा येथे प्रथम स्थिरावली आणि पुढे पेट्यांतून देशभर गेली.

तथापि 1982 पर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात राळेचे कसब जुनेच आहे. फुलोरी माशी पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट राळेचे कडे घालते. मुंग्या ते ओलांडू शकत नाहीत. ढोलीत राहणारी चिमुकली डंखहीन माशी तर राळ व मेण यांचेच घर बांधते. या रानात डिकेमालीच्या कळ्यांवर पिवळसर राळ येते, सालईच्या सालीतून सुगंधी चीक झरतो. मागी लोकांनी बाळ येशूला अर्पण केलेला ऊद ज्या झाडाचा, त्याचीच ही सालई भाऊबंद! भोवती जी झाडे, त्यांचाच रंग माशीच्या घराला चढतो.

म्हणून झाड तुटले, की मधाबरोबर माशीच्या घराचा तटही जातो. मोहोळाला आग लावून मध काढण्याची रीतही अशीच घातक. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगट स्थापून मधमाशीचा अभ्यास केला आणि पोळे न जाळता केवळ मधाचा भाग कापून घेण्याची रीत अंगीकारली. याच गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. मधाची बाटली घरी आणताना तो कोणत्या रीतीने काढला, एवढे विचारणे आपल्याही हाती आहे.