लसूण-मोहरी

मोहरीच्या कुलातील (ब्रॅसिकेसी) द्विवर्षायू रानटी वनस्पती. शास्त्रीय नाव ॲलिएरिया पेटिओलेटा. पान चुरगळले की लसणाचा वास येतो. ती मूळची युरोप आणि त्यालगतच्या आशियातील. डेन्मार्क व जर्मनीत सापडलेल्या सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या खापरांना हिच्या बियांचे अवशेष चिकटलेले आढळले. म्हणजे स्वयंपाकात तिचा वापर फार जुना आहे.

ब्रिटनमध्ये झुडपी कुंपणांच्या कडेने, ओलसर अर्धसावलीत ती आपसूक वाढते. वन्यजीवांसाठी राखलेल्या बागेत बी शरद ऋतूत, कायमच्या जागीच पेरावे. हिवाळ्याची थंडी लागल्याशिवाय ते रुजत नाही. पहिल्या वर्षी जमिनीलगत फक्त पानांचा झुबका दिसतो. दुसऱ्या वर्षी सुमारे मीटरभर दांडा वर येतो, एप्रिल ते जूनमध्ये चार पाकळ्यांची पांढरी फुले येतात आणि बी धरून झाड मरते. दरवर्षी फुले हवी असतील तर सलग दोन वर्षे पेरणी करावी.

हिचे खरे मोल फुलांपेक्षा शेंगांत आहे. पंखांची टोके नारिंगी असलेले अँथोकॅरिस कार्डॅमिनेस हे फुलपाखरू (नारिंगी टोके फक्त नराला) कळ्यांजवळ एकेक अंडे घालते. सुरवंट कोवळ्या शेंगा खातो आणि शेंगेसारखाच हिरवा, सडपातळ असल्याने सहज नजरेस पडत नाही. दुसरे अंडे वाटेत आले तर तेही खातो. उन्हाळ्यात तो जवळपासच्या एखाद्या काडीवर कोश करतो व पुढच्या वसंतापर्यंत तिथेच राहतो. त्यामुळे फुले सरताच झाडे उपटणारा माळी सुरवंट मारतो आणि हिवाळ्याआधी वाळल्या काड्या झाडून काढणारा कोश फेकून देतो. नीटनेटकेपणाचा आग्रह इथे सोडलाच पाहिजे.

उत्तर अमेरिकेत मात्र ती लावू नये. लाँग आयलंडवर १८६८ मध्ये प्रथम नोंदली गेलेली ही वनस्पती तेथील जंगलांत बेसुमार पसरली. झाडांच्या मुळांना साथ देणाऱ्या बुरशीला ती मारक ठरते. पिएरिस व्हर्जिनिएन्सिस हे तेथील पांढरे फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते, पण सुरवंट जगत नाहीत. तेथे ती बी धरण्याआधी मुळासकट उपटतात.

महाराष्ट्रातही ती आणण्याचे कारण नाही. अशा फुलपाखरांना अंडी घालायला ओढणारी, मोहरीतील तिखटपणाला कारण असलेली द्रव्ये वायवर्णा व वाघाटी या इथल्या वनस्पतींतही असतात आणि नारिंगी टोकांचे आपले मोठे फुलपाखरू, हेबोमोइया ग्लॉसिप्पे, त्यांच्याच कुलातील झाडांवर अंडी घालते.