जहाजाच्या सज्जातील निद्रा

क्रूझ जहाजावर सज्जा असलेली केबिन घेणाऱ्या प्रवाशाला पहिल्या-दुसऱ्या रात्रीच एक मोह होतो. आत वातानुकूलित खोलीत पडून राहण्यापेक्षा उशी-पांघरूण घेऊन बाहेर जावे आणि लाटांचा आवाज ऐकत उघड्यावर झोपावे, असे त्याला वाटू लागते. उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची सवय असलेल्यांना तर हा विचार अगदी स्वाभाविक वाटतो. सज्जातील आरामखुर्चीवर डोळा लागलेल्या प्रवाशाला सहसा कोणी उठवायला येत नाही. मात्र घराची गच्ची आणि जहाजाचा सज्जा यांत मूलभूत फरक आहे. जहाज चालते असते, त्याच्या भोवती पाणी असते आणि आग लागली तर पळून जाण्यास जागा नसते. सज्जाविषयीचे आजचे बहुतेक नियम या तीन गोष्टींतून आलेले आहेत आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाचे नियम एका अपघातानंतर झाले आहेत.

समुद्रावर उघड्यावर झोपण्याची प्रथा सज्जापेक्षा कितीतरी जुनी आहे. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर युरोप आणि मुंबई यांमधील आगबोटी लाल समुद्रातून जाऊ लागल्या. दोन्ही बाजूंना वाळवंट असलेल्या या चिंचोळ्या समुद्रात उन्हाळ्यात पृष्ठभागाच्या पाण्याचेच तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाते. वारा मागून, जहाजाच्याच वेगाने वाहत असेल, तर डेकवर झुळूकही लागत नसे. लोखंडी भिंतींच्या केबिनमध्ये रात्र काढणे अशा वेळी अशक्य होई. मग स्टुअर्ड गाद्या वर आणून डेकवर पसरीत. स्त्रियांसाठी एक बाजू आणि पुरुषांसाठी दुसरी, अशी वाटणी असे. ही झोप पहाटेपर्यंतचीच. उजाडू लागले की खलाशी पाण्याचे नळ आणि झाडू घेऊन डेक धुवायला येत आणि प्रवाशांना गाद्या सोडून खाली जावे लागे. पी. अँड ओ. कंपनीच्या या बोटींवर डेकवरील खलाशांत रत्नागिरीकडील माणसे होती आणि स्टुअर्ड मोठ्या संख्येने गोव्याचे होते. साहेबांच्या निद्रेची व्यवस्था अशा रीतीने बऱ्याच अंशी कोकणी हातांत होती.

याच मार्गाशी 'पॉश' या इंग्रजी शब्दाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती जोडली जाते. जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन सावलीत राहते, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटांवर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या शब्दांची आद्याक्षरे छापली जात, अशी ती कथा आहे. कथा सुरस आहे. पण तसे छापलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही आणि कोशकार ती मान्य करीत नाहीत.

कोकण किनाऱ्यावरील आगबोटींत उघड्यावरची झोप ही चैन नव्हती. मुंबईहून रत्नागिरी, मालवण किंवा पणजीकडे निघालेला सामान्य चाकरमानी डेकचे तिकीट काढी आणि मिळेल त्या जागी वळकटी पसरी. लाल समुद्रातील प्रवासी गरमीमुळे डेकवर येई, तर कोकणातला प्रवासी केबिनचे भाडे परवडत नसल्यामुळे तेथे असे. सामाईक डेकवर, शेकडो लोकांच्या संगतीत आणि खलाशांच्या नजरेखाली झोपणे ही गोष्ट मात्र दोघांनाही समान होती.

वातानुकूलन आले आणि ही प्रथा मावळली. १९६१ मध्ये सेवेत आलेल्या 'कॅनबेरा'सारख्या जहाजांवर प्रवाशांना थंड हवा खालीच मिळू लागली. याच जहाजाने आणखी एक पायंडा पाडला. जीवरक्षक होड्या वरच्या डेकवरून खाली आणून बसवल्या गेल्या. पुढे ही रचना सर्वत्र रूढ झाली आणि होड्यांच्या वरचे सारे मजले केबिनसाठी मोकळे झाले. सज्जांच्या रांगा उभ्या राहिल्या त्या याच मजल्यांवर.

खासगी सज्जा ही कल्पना त्याआधी अतिश्रीमंतांपुरती होती. 'टायटॅनिक'वरील सर्वांत महागड्या दोन कक्षांना सुमारे ५० फूट लांबीचा स्वतःचा फिरण्याचा डेक होता. परंतु तो खिडक्यांनी बंदिस्त होता. १९३५ च्या 'नॉर्मंडी' या फ्रेंच जहाजावरही दोन राजेशाही कक्षांपुरतीच अशी सोय होती. चित्र बदलले ते १९८४ मध्ये. त्या वर्षी हेलसिंकी येथे बांधलेले 'रॉयल प्रिन्सेस' हे जहाज सेवेत आले. त्यावरील सर्व केबिन बाहेरच्या बाजूला होत्या आणि त्यांतील अनेकांना स्वतःचा सज्जा होता. पुढील दोन दशकांत सज्जा ही क्रूझ व्यवसायाची मुख्य विक्रेय वस्तूच झाली. आज एखाद्या मोठ्या जहाजाकडे बंदरातून पाहिले, तर ते बहुमजली गृहसंकुलासारखे दिसते.

घाईने रूढ झालेल्या या रचनेत एक उणीव राहून गेली होती. जहाजाच्या आतील भागासाठी अग्निसुरक्षेचे नियम अत्यंत कडक होते. जहाज उभ्या अग्निविभागांत वाटलेले असते. भिंती, पडदे, गाद्या आणि गालिचे सहजासहजी पेट घेणार नाहीत असे असावे लागतात. प्रत्येक केबिनमध्ये धूरशोधक आणि पाण्याचे फवारे असतात. सज्जा मात्र 'उघडी जागा' मानला गेला. तेथे ना धूरशोधक होता, ना फवारा. दोन सज्जांमधील पडदी पॉलिकार्बोनेटची, खुर्च्या प्लॅस्टिकच्या आणि जमिनीवरच्या फरश्या पॉलियुरेथेनच्या. आतील अग्निविभाग जेथे संपत, तेथे बाहेर कोणताही अडथळा नव्हता. सज्जांची रांग एका विभागातून दुसऱ्या विभागात सलग जात होती.

२३ मार्च २००६ रोजी पहाटे तीनच्या सुमारास या उणिवेची किंमत मोजावी लागली. 'स्टार प्रिन्सेस' हे जहाज ग्रँड केमनहून जमैकातील माँटेगो बे या बंदराकडे निघाले होते. जहाजावर २,६०० हून अधिक प्रवासी आणि ११०० हून अधिक कर्मचारी होते. एका सज्जात आग लागली. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण विभागाने केलेल्या चौकशीचा निष्कर्ष असा, की बहुधा कोणीतरी टाकलेल्या सिगारेटच्या थोटकाने सज्जातील वस्तू सुमारे वीस मिनिटे धुमसत राहिली आणि मग ज्वाळा उठल्या. जहाजाच्या वेगामुळे वारा जोराचा होता. सहा मिनिटांत आग वरच्या दोन मजल्यांवर आणि शेजारच्या दोन अग्निविभागांतील सज्जांवर पोहोचली. उष्णतेने सज्जांच्या दारांच्या काचा फुटल्या. केबिनमधील फवाऱ्यांनी आग आत शिरू दिली नाही, हे खरे. परंतु जळत्या प्लॅस्टिकचा दाट काळा धूर केबिनमध्ये आणि बोळांत भरला. एका प्रवाशाचा धुराने मृत्यू झाला, आणखी १३ जणांवर धुरामुळे उपचार करावे लागले. आग विझायला सुमारे दीड तास लागला. ७९ केबिन निकामी झाल्या आणि आणखी २१८ केबिनना हानी पोहोचली.

आतील कडक व्यवस्थेने मोठा संहार टाळला आणि बाहेरच्या ढिलाईने आग पसरवली, असे या घटनेबाबत म्हणता येते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'सोलास' या सागरी जीवरक्षा करारात दुरुस्ती केली आणि ती १ जुलै २००८ पासून लागू झाली. सज्जातील सामान सहज न पेटणारे असावे. ते तसे नसेल, तर सज्जात धूर किंवा आग ओळखणारी यंत्रणा आणि पाण्याचे फवारे असावेत, असा तिचा आशय आहे. नव्या जहाजांबरोबर जुन्या जहाजांनाही सामान व फवाऱ्यांची अट लागू करण्यात आली, ही विशेष गोष्ट. सागरी कायद्यात जुन्या जहाजांना सवलत देण्याकडेच सहसा कल असतो. पुढे बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सज्जात धूम्रपानास बंदी केली. उदबत्ती, मेणबत्ती, विजेची शेगडी या वस्तू जहाजावर चालत नाहीत, त्यामागचे कारणही हेच आहे. डास पळवण्याची कॉइल सोबत नेऊ नये हे वेगळे सांगायला नको. खोल समुद्रात डास नसतातच.

झोपणाऱ्याच्या दृष्टीने सज्जाचे दार हा दुसरा कळीचा मुद्दा आहे. बाहेर झोपताना दार उघडे ठेवावे, म्हणजे आतली थंड हवा बाहेर येईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उलट होते. बाहेरची दमट हवा आत शिरते, छतावर आणि आरशावर पाणी साचते, आणि काही जहाजांवर दार उघडताच वातानुकूलन आपोआप बंद पडते. याहून गंभीर बाब अशी, की सज्जाचे दार उघडे असताना केबिनचे मुख्य दार उघडले तर वाऱ्याचा झोत आरपार जातो आणि जड दार जोरात आदळते. त्यात बोटे चिरडण्याची भीती असते. आगीच्या वेळी हाच झोत धूर खोलीतून बोळात ढकलतो. म्हणून बाहेर झोपायचे तर दार लावून झोपावे; मात्र आत झोपलेल्या सोबत्याने आतून कडी घातली नाही ना, हे आधी पाहावे. लहान मुलांना सज्जात एकटे झोपू देऊ नये, याबाबत दुमत असण्याचे कारण नाही.

कठड्याविषयी भीती बरीच असते, पण ती चुकीच्या दिशेने. अमेरिकेच्या २०१० च्या क्रूझ सुरक्षा कायद्यानुसार तेथील बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या मोठ्या जहाजांवर कठडा किमान ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर उंच असावा लागतो. झोपेत कूस बदलताना आरामखुर्चीवरून पडलेला माणूस सज्जाच्या जमिनीवरच पडतो. धोका असतो तो खुर्ची कठड्याला चिकटवून तिच्यावर उभे राहण्यात, कठड्यावर बसण्यात आणि मद्यपानानंतर शेजारच्या सज्जात डोकावण्यात. झोपाळ्याची जाळी, म्हणजे हॅमॉक, कठड्याला किंवा पडदीला बांधण्यास अनेक कंपन्या मनाई करतात ती यामुळेच. अशा जाळीत झोपणाऱ्याचा देह कठड्याच्या उंचीपर्यंत जातो आणि पडदी माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेली नसते.

सुखाचा हिशेब वेगळा. जहाज ताशी २० सागरी मैल वेगाने जात असेल, तर हवा स्थिर असतानाही सुमारे ३७ किलोमीटर वेगाचा वारा जाणवतो. आत घेतलेल्या सज्जात तो कमी लागतो, पुढच्या बाजूच्या सज्जात असह्य होतो. मागच्या बाजूला वारा अडतो, परंतु यंत्रांची थरथर आणि कधीकधी धुराड्याची काजळी वाट्याला येते. उष्ण कटिबंधात समुद्रावरील रात्र जमिनीवरच्या रात्रीइतकी थंड होत नाही, कारण पाणी दिवसभराची उष्णता धरून ठेवते. पांघरूण पहाटेपर्यंत खारट ओलाव्याने जड होते. नॉर्वेच्या उत्तर टोकाला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. तेथे लोकरीच्या पांघरुणाइतकीच डोळ्यांवरच्या पट्टीची गरज असते. वरच्या मजल्यावरून खालचे सज्जे दिसतात, तेव्हा पोशाखाचे भान ठेवलेले बरे.

काही प्रदेशांत रात्री सज्जात थांबूच नये, अशी सूचना कप्तानाकडून येते. सोमाली चाच्यांच्या उपद्रवाच्या काळात एडनच्या आखातातून जाणारी जहाजे रात्री दिवे मालवून, पडदे ओढून जात. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक क्रूझ कंपन्यांनी तो मार्गच सोडला. डेकवरच्या निद्रेची प्रथा ज्या समुद्रात बहरली, त्याच समुद्रावर हे सावट आले. दक्षिण ध्रुवाकडील पाण्यात कारण निराळे असते. तेथे उजेडाला भुलून समुद्रपक्षी जहाजावर आदळतात, म्हणून सज्जातील दिवे बंद ठेवण्यास सांगितले जाते.

जुन्या पद्धतीची डेकवरची झोप मात्र पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. 'रॉयल प्रिन्सेस' अवतरली त्याच १९८४ साली आणि पुढच्या वर्षी 'सी गॉडेस' नावाची दोन छोटी जहाजे बांधली गेली. आज ती 'सीड्रीम' या नावाने चालतात आणि प्रत्येकावर शंभराहून थोडे अधिक प्रवासी असतात. त्यांच्या केबिनना सज्जे नाहीत. ज्यांना उघड्यावर झोपायचे असेल, त्यांच्यासाठी वरच्या डेकवरील रुंद पलंगांवर कर्मचारी रात्री अंथरूण घालून देतात.